हेळवाकखालची लाल रेघ

पडद्यावर अक्षर हातभर उंच होते. त्यातली चूकही हातभर उंच होते.

वहीतली चूक एकट्याची असते. फळ्यावरची चूक डस्टरने पुसता येते, आणि ती पुसताना वर्गाला हेही कळते की बाईंचेसुद्धा चुकते. पीपीटीतली चूक मात्र दिवे मालवलेल्या खोलीत सगळ्यांसमोर उभी राहते आणि पुढची स्लाइड येईपर्यंत हलत नाही. बोलणारा पुढे गेलेला असतो. बघणाऱ्याची नजर त्या एका वेलांटीवर अडकून पडलेली असते.

छापखान्यात खिळे जुळवणारा वेगळा, मुद्रिते तपासणारा वेगळा, छापायला हरकत नाही म्हणून सही करणारा वेगळा. इतक्या डोळ्यांखालून जाऊनही मुद्राराक्षस आपला हात मारून जायचा. पीपीटीला एकच माणूस असतो आणि बहुधा आदल्या रात्रीचे अकरा वाजलेले असतात. त्याच्या सोबतीला एक लाल रेघ असते, अनोळखी शब्दाखाली संगणक मारतो ती. तिच्याकडून फार अपेक्षा करू नयेत. तिला कमीही लेखू नये.

०

दरवर्षी ११ डिसेंबर जवळ आला की आमच्या शाळेत मुले भूकंपावर पीपीटी करतात. १९६७ साली त्या दिवशी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली. कोयना धरणाच्या भिंतीलाही तडे गेले आणि पुढे ती बळकट करावी लागली. इथल्या मुलांना धक्का नवा नाही. भिंतीवरचे कॅलेंडर हलले की मूल मान वर करते, क्षणभर थांबते आणि पुन्हा गणित सोडवू लागते. पण ती पहाट त्यांनी पाहिलेली नाही. त्यांच्या आईवडिलांनीही नाही. ती नीट आठवणारी माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत. उद्या ती पहाट फक्त शब्दांत उरेल. म्हणून शब्द सांभाळायचे.

सांभाळायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मी मुलांच्या पीपीटी तपासता तपासता शिकले. अजून शिकते आहे.

०

पहिल्या स्लाइडवर एका मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिले होते : ‘भूकंप स्मृती दीन’. संगणक गप्प. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे लाचार. दोन्ही शब्द कोशात आहेत, म्हणून दोघांनाही रस्ता मोकळा. यंत्र एवढेच विचारते की असा शब्द आहे का. इथे तोच हवा होता का, हे विचारायला माणूस लागतो.

पीक शेतातले, पिक म्हणजे कोकिळ. शीर रक्ताची, शिर धडावरचे. सलिल म्हणजे पाणी, सलील म्हणजे लीलया. हे फरक आम्ही गुणांसाठी शिकवतो, म्हणून मुलांना त्यांचा कंटाळा येतो. वेलांटीमागे अर्थ उभा आहे हे दिसले की कंटाळा जातो. त्या मुलीला मी रागावले नाही. दीन म्हणजे काय, एवढेच सांगितले. तिने स्वतःच उठून शब्द बदलला, आणि बदलून झाल्यावर विचारले, ‘पण बाई, त्या दिवशी माणसं दीनच झाली होती ना?’

झाली होती. तरी मथळ्यात दिनच हवा.

तिसऱ्या स्लाइडवर ‘सह्याद्रीच्या दर्याखोऱ्यांत’ असे होते. दऱ्या आणि दर्या. एका शब्दात डोंगर खाली उतरतो, दुसऱ्यात समुद्र उसळतो. फरक फक्त र कसा बसतो याचा. एकीकडे तो चंद्रकोरीसारखा आडवा होतो, दुसरीकडे रफार होऊन डोक्यावर चढतो. आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगतात, आचार्यांना शंका विचारतात. ही चंद्रकोर मराठीला लागते. हिंदीला तिची गरज पडत नाही. कीबोर्डवर ती शोधावी लागते, साध्या र ने उमटत नाही. मुलांना ती सापडत नाही आणि पडद्यावर दऱ्यांचा दर्या होतो. मी दरवर्षी हा र प्रत्येकाकडून एकदा तरी टाइप करून घेते. सह्याद्रीत राहायचे आणि दऱ्या लिहिता येऊ नयेत, हे मला चालत नाही.

०

सगळ्यात मोठी चूक रेघेशिवाय आली. एका मुलाने १९६७ च्या जागी १९७६ लिहिले.

आकड्याखाली रेघ येत नाही. अंक असलेले शब्द तपासणीतून वगळायची सोय अशा सॉफ्टवेअरमध्ये असते आणि बहुधा ती चालूच असते. चित्रातली अक्षरे, आलेखातली नावे, फोटोत आलेली गावाची पाटी, यांनाही ती रेघ शिवत नाही. पडद्यावर माणूस सगळ्यात आधी बघतो तो आकडा, चित्र, आलेख. नेमके तेच न तपासलेले असते.

‘पुनर्वसन धोरण’ लिहायचे आणि बोट घसरून ‘पुनर्वसन धरण’ झाले, तरी पडदा स्वच्छ. विस्थापित आणि प्रस्थापित, दोन्ही शब्द निर्दोष. त्यातला कोण कोण, हे यंत्राला माहीत नाही. या खोऱ्याला माहीत आहे.

रेघ नाही म्हणजे बरोबर आहे, ही समजूत सगळ्यात महाग पडते.

०

१९७१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात रॅल्फ गोरिन यांनी शब्द तपासणारा एक प्रोग्राम लिहिला. अनोळखी शब्द आला की तो एका अक्षराने वेगळे असलेले शब्द शोधून पुढे ठेवायचा. पन्नास वर्षे उलटली, प्रोग्राम खूप हुशार झाले, तरी सुचवण्याच्या मुळाशी अजून तेच आहे : जवळचा शब्द शोधा. जवळचा म्हणजे अक्षरांनी जवळचा.

आमच्या संगणकावर ‘कोयना’ला अक्षरांनी सगळ्यात जवळचा निघाला ‘कोयता’.

एका मुलाने घाईघाईत ‘सगळीकडे बदला’ दाबले. पडद्यावर कोयता नदी आली, कोयता धरण आले, कोयता खोरे आले. वर्ग हसला. त्या दिवशी आठवणी सांगायला एक आजी आल्या होत्या. त्यांचे जुने गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. घर वर डोंगरात नेऊन बांधले आणि त्याच घरात पुढे भूकंप सोसला. त्या हसल्या नाहीत. मुलाने काय झाले ते समजावून सांगितले, तेव्हा म्हणाल्या, ‘कोयता वळचणीलाच ऱ्हायला, बाळा. पानी चढाय लागलं तवा कुनाच्या ध्यानात यायाचा?’

मी त्यावर काही बोलले नाही. पीपीटी दुरुस्त केली आणि पुढे चालू केली. पण वळचणीला खोचलेला तो कोयता मला अजून दिसतो.

युरोपात याच्या उलट घडले होते. जुन्या कोशांत इंग्रजी ‘कोऑपरेशन’ हा शब्द मध्ये जोडरेघ घातलेला होता. बिनरेघेचा लिहिला की यंत्र कॅलिफोर्नियातल्या ‘क्युपर्टिनो’ या गावाचे नाव सुचवायचे, आणि ते नाव आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कागदपत्रांत जाऊन बसले. तिकडे सहकार्याचे गाव झाले. इकडे नदीचा कोयता झाला.

०

नावाचे काय करायचे, हा खरा प्रश्न आहे.

पोफळी, गोकुळ, हेळवाक ही इकडची गावे. पोफळीखाली रेघ येत नाही, कारण पोफळी हे सुपारीच्या झाडाचे नाव. गोकुळखाली येत नाही, कारण ते कृष्णाचे. हेळवाकखाली येते. ते फक्त हेळवाकचे नाव आहे.

२०२१ च्या जुलैत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. त्या आठवड्यात ही नावे राज्यभर वाचली गेली. आमच्या संगणकावर मिरगावखाली त्यानंतरही रेघ येत राहिली. दरड कोसळली म्हणून गाव कोशात जात नाही.

त्यात भाषा चुकीची लागलेली असली तर आणखी घोळ. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरीत, युनिकोडच्या एकाच पट्ट्यात. मजकूर कुठल्या भाषेतला आहे हे संगणकाला सांगावे लागते. हिंदीचा कीबोर्ड निवडून टाइप केले तर तो मजकूर हिंदी म्हणूनच तपासला जातो. मग ‘स्मृती’ चूक ठरते आणि ‘स्मृति’ बरोबर. भूमी, शक्ती, कवी, सगळ्यांच्या वेलांट्या उलट्या फिरतात. मुले सुचवलेले निमूट घेतात, कारण पडद्याने सांगितलेले आहे. आणि हिंदीच्या कोशात ळ जवळजवळ नाहीच. आता हे खोरे बघा : हेळवाक, हुंबरळी, शिरळ, ढोकावळे, तापोळा. कुंभार्ली घाट उतरलात की पोफळी आणि चिपळूण. ळ काढून घेतला तर आमच्या एसटीच्या पाट्यांवर वाचण्यासारखे फार थोडे उरेल.

म्हणून पीपीटी झाली की पहिले काम हे. सगळा मजकूर निवडायचा, भाषा मराठी करायची, मग एफ७ दाबायचे. दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवली की मराठी मूल आपली स्वतःची भाषा चुकीची समजून बसते. मला याचा राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

०

रेघ घालवायचा एक सोपा आणि वाईट उपाय मुलांना सापडला आहे. शब्द तोडायचा.

‘प्रकल्पग्रस्त’खाली रेघ आली की मध्ये जागा सोडायची. ‘प्रकल्प’ कोशात आहे, ‘ग्रस्त’ कोशात आहे, रेघ गेली. पण प्रकल्पग्रस्त हा एक माणूस आहे. त्याला तोडल्यावर एक प्रकल्प उरतो आणि एक ग्रस्त उरतो. माणूस राहत नाही. भूकंपग्रस्तांचे तेच, स्मृतिदिनाचे तेच. जोडून लिहिला तर त्यातली ति ऱ्हस्व असते, तोडला की ती दीर्घ होते. म्हणजे एका जागेसाठी वेलांटीही बदलावी लागते. पुढे ही सवय ‘पाटण ला’ आणि ‘कोयने च्या’पर्यंत जाते. मराठीत प्रत्यय शब्दाला धरून चालतो, शब्दयोगी अव्यय धरून चालते, समास एका शिरोरेघेखाली नांदतो.

वरची रेघ आपण देतो, खालची यंत्र देते. खालची घालवायला वरची तोडू नये.

यंत्राची अडचणही समजून घ्यायला हवी. मराठी शब्द एकटा राहत नाही. धरण, धरणाचा, धरणात, धरणातला, धरणातल्यांना, धरणाखालच्यांनाही. एवढी रूपे कुठल्या यादीत मावणार? म्हणून मूळ शब्दांची एक फाइल आणि प्रत्ययांच्या नियमांची दुसरी, अशी रीत निघाली. लिबरऑफिसमध्ये चालते ते हनस्पेल याच रीतीचे. ते हंगेरीच्या लास्लो नेमेथ यांनी केले, कारण हंगेरियन शब्दालाही आपल्यासारखीच प्रत्ययांची रांग लागते. मराठीच्या फाइली स्वयंसेवकांनी आपला वेळ घालून रचल्या. ‘विहीर’मधली दीर्घ ‘ही’ ‘विहिरीत’ ऱ्हस्व होते हे यंत्राला कळते, ते कुणीतरी आधी बसून लिहून ठेवले म्हणून. कागदावर हेच काम अरुण फडके यांनी ‘मराठी लेखन-कोशा’त केले आणि ‘शुद्धलेखन तुमच्या खिशात’ या चिमुकल्या पुस्तकाने ते लोकांच्या खिशात दिले. माझ्या टेबलावर ते पुस्तक असते. वीज गेली तरी ते चालते.

०

आजींचे बोलणे मुलांनी लिहून घेतले होते. ‘जिमीन हालाय लागली. भांडी खाली आली. मंग काय बी ऐकाय आलं न्हाई.’

पडद्यावर या तीन वाक्यांखाली इतक्या लाल रेघा आल्या की मजकूर भाजल्यासारखा दिसत होता. लिहून घेणारा मुलगा गुणी. त्याने रात्री बसून सगळे दुरुस्त केले : ‘जमीन हलू लागली. भांडी खाली पडली. नंतर काहीही ऐकू आले नाही.’ वाक्ये निर्दोष झाली आणि आजी त्यांतून निघून गेल्या.

मी त्याला मूळ वही आणायला लावली. जसे बोलल्या तसे पुन्हा लिहायला लावले, रेघांसकट.

मराठी साहित्य महामंडळ १९६१ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी लेखनाचे १४ नियम ठरले, १९७२ मध्ये त्यांत ४ ची भर पडून १८ झाले. या नियमांकडे लोक छडीसारखे बघतात, पण ते शांतपणे वाचले तर त्यांत समज आहे. पात्राच्या तोंडचे बोलणे बोलल्यासारखे लिहायला त्यांत मुभा आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य मुळात आहे तसेच छापावे, असेही त्यांत सांगितले आहे. नियम करणाऱ्यांनाच ठाऊक होते की सगळे दुरुस्त करायचे नसते. यंत्राला हे कुणी सांगितलेले नाही.

नियम झाले ते वर्ष १९६२. कोयनेची वीज सुरू झाली तेही १९६२. दोन्ही गोष्टी मला एकत्र आठवतात. प्रमाणभाषा धरणासारखी आहे. ठिकठिकाणचे पाणी ती एका पातळीला आणते आणि त्या पातळीतून उजेड येतो. मला तो उजेड हवा आहे. विदर्भातल्या मुलाचे पुस्तक आमच्या मुलीला वाचता येते ते त्यामुळे. माझे शिकणे, माझी नोकरी, हे लिखाण, सगळे त्याच उजेडात चालते. पण पाणी साठले की काही गावे जातात, हे कोयनाकाठी कुणाला शिकवावे लागत नाही.

आजींची वाक्ये पुन्हा लिहायला लावली, तेव्हापासून मी वर्गात ‘शुद्धलेखन’ म्हणायचे सोडले. प्रमाणलेखन म्हणते. शुद्ध म्हटले की समोरचे अशुद्ध ठरते, आणि आजींच्या बोलण्यात अशुद्ध काहीही नाही. आपले वाक्य प्रमाणात लिहावे, अगदी काटेकोर लिहावे; ती वाचणाऱ्याची कदर आहे. साक्ष देणाऱ्याचे वाक्य त्याचे आहे. त्याला हात लावू नये.

०

इथून खाली, कराड-सांगलीकडे, लाल रेषा म्हटले की माणसाला पूर आठवतो. नदीकाठी पूररेषा दोन आखतात : २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. पडद्यावरही मुख्य रेघा दोनच, शब्दाला लाल आणि व्याकरणाला निळी. नदीकाठची लाल रेषा सांगते की इथवर पाणी येऊ शकते, बांधताना विचार कर. शब्दाखालच्या रेघेनेही तेवढेच सांगितलेले असते. घाबरून शब्द पाडून टाकायचा नसतो. डोळे मिटून बांधायचेही नसते.

काही लोक रेघच बंद करतात. त्या पर्यायाचे नाव ‘चुका लपवा’ असे आहे. ही सवय कुठून आली ते मला ठाऊक आहे. युनिकोडआधीची मराठी आम्ही श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत टाइप करत होतो. ते मराठी फॉन्टच्या अंगावर होते; फॉन्ट काढला की खाली रोमन अक्षरांचा चुरा. संगणकाला तो चुराच दिसायचा, आणि स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल व्हायची. मग लोकांनी रेघा बंद केल्या, आणि युनिकोड आल्यावरही त्या पुन्हा चालू करायचे राहून गेले. कपाटातल्या जुन्या सीडींवर अशा किती तरी फाइली असतील. त्यांतली माहिती कुणी परत टाइप केली नाही तर ती गेल्यातच जमा आहे.

०

रेघेवर राइट क्लिक केले की तीन वाटा दिसतात. वगळा, बदला, कोशात जोडा.

वगळा म्हटले की काम आजपुरते भागते. बदला म्हटले की नदीचा कोयता होऊ शकतो. जोडा म्हणायच्या आधी मात्र खात्री करावी लागते, कारण चुकीचे नाव जोडले तर ते कायमचे बरोबर होऊन बसेल. त्यासाठी कुणाला तरी विचारावे लागते. ही तिसरी वाट मला आवडते ती यासाठीच. ती संगणकावरून उठवते आणि कुणाच्या तरी दारात नेते.

आजींच्या दारात मी वही घेऊन गेले. गावाचे नाव विचारले. मग वाडीचे. मग त्या म्हणाल्या, शेताचं नको का? शेतांना नावे होती. ओढ्याला नाव होते. ज्या उतारावरून गुरे पाण्यावर जायची त्यालाही नाव होते. उन्हाळ्यात जलाशयाचे पाणी उतरले की जुन्या वस्तीच्या खुणा कुठे कुठे वर येतात. पाऊस लागला की त्या जातात आणि नावे तेवढी राहतात. मी एकेक नाव लिहिते आणि वाचून दाखवते. आजी मान हलवतात, नाही तर ‘न्हाई’ म्हणतात. न्हाई म्हणाल्या की खोडते आणि पुन्हा विचारते. एका नावातला उकार ऱ्हस्व की दीर्घ, यासाठी मी ते त्यांच्याकडून चार वेळा म्हणवून घेतले. चौथ्या वेळी त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, लई वर्सांनी एवढ्या वेळा म्हनलं.

वहीत आतापर्यंत बेचाळीस नावे झाली आहेत. ती सगळी मी शाळेच्या संगणकाच्या कोशात जोडली. कोयना जोडले, हेळवाक जोडले, मिरगाव जोडले. त्या संगणकावर आता त्यांच्याखाली रेघ येत नाही.

हा कोश त्या एकाच संगणकात राहतो. शेजारच्या संगणकावर हेळवाकखाली रेघ आहेच. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बाकीच्या सहा संगणकांत घालायची आहे. ११ डिसेंबरच्या आत घालणार आहे. त्याआधी यादी वाढायला हवी. खोऱ्यातली जुनी नावे ज्यांच्या तोंडी आहेत त्यांनी यावे, किंवा ज्यांना येणे जमत नाही त्यांच्या घरच्यांनी मला बोलवावे. शाळा सुटल्यावर साडेपाचपर्यंत मी संगणकाच्या खोलीत असते.